थांबवायला दोन मतं

यंत्र थांबवायचं बटण दाबलं की यंत्र थांबतं, अशी जगभर पद्धत आहे. आमच्याकडे नव्हती. आमच्याकडे सहकार्य होतं.

तीन जिल्ह्यांनी मिळून काढलेलं ते संशोधन केंद्र. त्यात सरकारी खातं, आमचं विद्यापीठ आणि टायरचा कारखाना असे तीन भागीदार. जागा खात्याची, डोकं विद्यापीठाचं आणि लोखंड कारखान्याचं, असं पहिल्याच भाषणात कोणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. डोकं म्हणजे मी. लोखंड म्हणजे माझे भाऊजी, ताईचा नवरा, कारखान्याचे मुख्य फोरमन. आणि खात्यातर्फे एक समन्वयक होते. उंच, रुंद, कॉलेजात कुस्ती खेळलेले. शिंक आली तरी आधी ठराव मांडतील असा माणूस, म्हणून आम्ही दोघं त्यांना ठरावसाहेब म्हणायचो. मी पाठीमागे म्हणायची. भाऊजी तोंडावर.

शहराबाहेर जुन्या टायरांचा डोंगर साठला होता. तो अधूनमधून पेटायचा आणि काळा धूर लोकांच्या स्वयंपाकघरात शिरायचा. ते टायर फाडून त्यांची भुकटी करणारं यंत्र आम्हाला बनवायचं होतं, आणि आम्ही बनवलं. एक पोलादी खोली. तिची जमीन म्हणजे सरकता पट्टा. वरच्या तोंडातून टायर पडायचा, पट्टा त्याला टोकाला न्यायचा आणि तिथे माणसाच्या कमरेएवढे जाड दोन दातेरी रूळ त्याला आत ओढून घ्यायचे. बाजूला एक दार आणि रुळांच्या अगदी शेजारी जाड काचेची खिडकी, येणाऱ्याजाणाऱ्याला दाते दिसावेत म्हणून. टायरात पोलादी तारा असतात. त्या रुळांत गुंतल्या की बाकीची यंत्रं मान टाकतात. माझं टाकत नसे. अडलं की ते थोडं उलटं फिरायचं, पकड सैल करायचं आणि मग दुप्पट जोराने पुढे यायचं. हा शोध माझा. मला त्याचा गर्व होता, आणि का नसावा?

“एक पाऊल मागे जाते आणि मग अंगावर येते,” पहिल्या चाचणीला भाऊजी म्हणाले होते. “ही तर थेट माझी सासू!”

त्यांची सासू म्हणजे माझी आई. मी तिथल्या तिथे त्यांच्या पोटरीवर लाथ घातली होती.

घोळ सुरू झाला तो थांबवण्यावरून. तिघांची तीन पॅनेल, तीन बटणं, तीन किल्ल्या. चाचणी सुरू झाली की मोटर तापतेय म्हणून भाऊजी यंत्र थांबवायचे. पुन्हा सुरू केलं की मला आकडे पटायचे नाहीत, मी थांबवायची. मग भुकटी उडतेय म्हणून ठरावसाहेब. अख्खा हिवाळा गेला आणि एक टायर पुरता फाटला नाही. शेवटी बैठक झाली, हमरीतुमरी झाली, एका खुर्चीचा पाय मोडला आणि ठरावसाहेबांनी तोडगा मांडला. यापुढे यंत्र सुरू करायला दोन मतं लागतील आणि थांबवायलाही दोन मतं लागतील. कोणा एकट्याच्या लहरीवर काही होणार नाही. मी विचारलं, एखादा जागेवर नसला तर? त्यावर बैठकीचाच नियम लावला गेला. पॅनेलमधून किल्ली काढलेली असेल तर तो सदस्य गैरहजर धरायचा आणि उरलेल्या दोघांनी ठरवायचं. आम्हा तिघांनाही ते फार पटलं. समितीचं काम यंत्रासारखं चालावं म्हणतात, आम्ही यंत्रच समितीसारखं चालवायला निघालो. ठराव साहेबांचा होता, पण तारा मी जोडल्या. वीज तोडायचा मोठा खटका होता, पण तो आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, खात्याच्या कुलपात.

भाऊजींबद्दल जरा सांगायला हवं. बाबा लवकर गेले, आईची नोकरी गावोगावच्या बदल्यांची, म्हणून मी ताईकडेच वाढले. शाळेत एका पोराने मला जिन्यावरून ढकललं, तर भाऊजींनी त्याच्या बापाला ढकललं. बसमध्ये एकाने मला मुद्दाम धक्का दिला, त्याचा चष्मा ह्यांनी बुटाखाली घेतला. मला रडू आलं की हा माणूस डोळे पुसत नसे, बाह्या सरसावत असे. मला ते विंचू म्हणायचे. दिसते एवढीशी आणि डसते केवढी, असं सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. माझ्यावर त्यांचा जीव होता. माझाही त्यांच्यावर होता, अजून आहे, आणि तेच तर दुखणं आहे.

त्या दिवशी दुपारी पाहुणे येणार होते. मंत्री, तिन्ही जिल्ह्यांचे अधिकारी, कारखान्याचे मालक, कुलगुरू. सकाळीच ठरावसाहेबांनी हुकूम सोडला की खाणीतल्या ट्रकचा टायर घाला, तो मोठा दिसतो. भाऊजी म्हणाले, रूळ एवढ्या टायरसाठी केलेलेच नाहीत, काहीतरी तुटेल.

“मंत्र्यांना काय मोटारीचा टायर दाखवू?” ठरावसाहेब म्हणाले. “खरं सांगू का? तुमच्या कारखान्यालाच हे यंत्र चालायला नकोय. जुनं रबर परत वापरात आलं तर तुमचं नवं कोण घेणार?”

“तोंड सांभाळून बोल.”

“मी ठरावाप्रमाणे बोलतोय.”

“घाल तुझा ठराव चुलीत,” म्हणत भाऊजींनी डोक्यावरचं हेल्मेट काढून फेकून मारलं. ते साहेबांच्या खांद्यावर लागलं आणि पुढच्या क्षणी दोघं एकमेकांच्या गळ्यात. प्रेमाने नव्हे. साहेबांनी भाऊजींचा हात पाठीमागे पिरगळला आणि त्यांचं तोंड टायरांच्या राशीत दाबून धरलं. भाऊजींनी टाचेने साहेबांच्या नडगीचं साल काढलं. मी मध्ये पडले, तर कोणाचं तरी कोपर माझ्या ओठावर बसलं आणि तोंडात रक्ताची चव आली. ते बघून दोघं बाजूला झाले. भाऊजी तोंडात गेलेली भुकटी थुंकले.

“बघतोच, तुझं यंत्र आज कसं चालतं ते!”

हे आवारातल्या सगळ्यांनी ऐकलं. ठरावसाहेबांनी तर फारच नीट ऐकलं. त्यांनी खिशातून स्वच्छ रुमाल काढून मला दिला.

“बाई, तुम्ही सभागृहात जाऊन बसा. पाहुणे आले की माहिती तुम्हीच द्यायची आहे.”

मी रुमाल घेतला, पण सभागृहात गेले नाही. यंत्राच्या खोलीत वर एक कॅमेरा बसवला होता. टायर कुठवर आलाय ते त्याच्यावरून कळायचं, आणि त्याच्यावर भुकटीचा थर साचला होता. तो पुसल्याशिवाय तो राक्षसी टायर आत सोडणं मला मंजूर नव्हतं. मी माझ्या पॅनेलमधून किल्ली काढून खिशात टाकली. ‘आत माणूस आहे’ ही लाल पाटी पॅनेलवर अडकवली, आत गेले आणि दार ओढून घेतलं. बाहेर पाहुण्यांसाठी गालिचा अंथरला होता, त्यावर भुकटी उडू नये म्हणून दार लावून घ्यायची सक्त ताकीद होती. किल्ली मी काढली ती मला धोका नको म्हणून. पण यंत्राच्या लेखी मी त्या क्षणापासून गैरहजर होते.

पुढचं मला नंतर कळलं. ठरावसाहेब फोटोग्राफरला घेऊन आले. लाल पाटी फोटोत वाईट दिसेल म्हणून त्यांनी ती काढून पॅनेलमागे ठेवली आणि फोटोग्राफरला पाहुण्यांना बोलवायला पिटाळलं. मी आत असेन हे त्यांच्या मनातही आलं नाही. मला सभागृहात जायला सांगितलं होतं, आणि एकदा सांगितलं म्हणजे ते झालंच, अशी त्यांची श्रद्धा. तेवढ्यात भाऊजी क्रेनने तो खाणीतला टायर घेऊन आले आणि त्यांनी तो वरच्या तोंडाच्या झाकणावर ठेवला. मालकांनी फोनवर झापल्यामुळे त्यांना तो आणावाच लागला होता.

“ती कुठाय?” भाऊजींनी विचारलं.

“सभागृहात.”

भाऊजींनी माझ्या पॅनेलकडे नजर टाकली. पाटी नव्हती. दोघांनी कानांवर आवाज रोखणारी जाड झाकणं चढवली आणि आपापलं बटण दाबलं.

पायाखालचा पट्टा हिसका देऊन सुटला आणि मी तोंडावर आपटले. मला आधी राग आला. कोण गाढव आहे ते, अशी शिवी हासडत मी उठले आणि पट्ट्याच्या उलट्या दिशेने धावायला लागले. दार उघडेना. यंत्र सुरू असताना दार उघडत नाही, ती बाहेरच्या माणसाच्या सुरक्षेची सोय, तीही मीच केलेली. मग भीती वाटली. पट्ट्याने मला मागे नेत नेत खिडकीपर्यंत आणलं. खिडकीखाली एक लोखंडी दांडा होता, तो मी डाव्या हाताने घट्ट पकडला आणि उजव्या मुठीने काच बडवायला लागले. रुळांच्या आवाजात मला माझंच ओरडणं ऐकू येत नव्हतं.

भाऊजींनी मान वळवली. मला बघून त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. त्यांनी बटणावर अख्खा पंजा आपटला. दोन्ही पॅनेलांवर पिवळा दिवा लागला. म्हणजे एक मत पडलं, दुसरं बाकी.

ठरावसाहेबांची पाठ माझ्याकडे होती आणि डोळे पाहुण्यांच्या वाटेकडे. त्यांना पिवळा दिवा दिसला, आणि सकाळी धमकी दिलेला फोरमन बटण दाबताना दिसला. त्यांच्या दृष्टीने सगळं स्पष्ट होतं. त्यांनी आपल्या पॅनेलसमोर दोन्ही हात पसरले आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही. भाऊजी माझ्याकडे बोट दाखवत होते, ओरडत होते, उड्या मारत होते. साहेबांना वाटलं, आपल्याला मागे बघायला लावून हा बटण दाबणार. नुसती मान वळवली असती तरी पुरे होतं. ती त्यांनी वळवली नाही.

भाऊजींनी बोट दाखवणं सोडलं आणि ते धावून गेले.

डोकं खाली घालून त्यांनी साहेबांच्या पोटात मुसंडी मारली. साहेब पॅनेलवर आदळले, पण जागचे हलले नाहीत. त्यांनी भाऊजींची मान काखेत आवळली आणि गुडघा वर आणून तोंडावर मारला. पुन्हा मारला. भाऊजींच्या नाकातून रक्ताची धार लागली. त्यांनी साहेबांच्या दंडाचा असा लचका तोडला की बाही फाटून मांस दिसायला लागलं. साहेबांनी भिंतीवर टांगलेला मोठा पाना ओढून काढला आणि भाऊजींच्या कपाळावर हाणला. भुवई फाटली, रक्त डोळ्यांत उतरलं. तरी भाऊजी चाचपडत बटणाकडेच जात होते. साहेब त्यांना केसांना धरून मागे खेचत होते आणि ते परत बटणाकडे जात होते. तोवर त्यांच्या डोक्यात फक्त मी होते. हे मी कोणाच्याही गळ्याची शपथ घेऊन सांगेन.

आत वरचं झाकण ठरल्या वेळी आपोआप उघडलं आणि तो टायर पडला. माझ्या पाठीला घासून गेला, कमरेखालचं अंग बधिर झालं, पण मी दांडा सोडला नाही. रुळांनी त्याचा पहिला घास घेतला. रबर फाटलं आणि आतल्या तारा चाबकासारख्या उसळल्या. त्यातली एक माझ्या उजव्या मनगटाभोवती वळली, आवळली आणि ओढायला लागली. डावा हात दांड्याला, उजवा तारेला. माझा खांदा निखळला.

टायर जाड होता. रूळ कण्हले, अडले, आणि माझा शोध कामाला लागला. रूळ उलटे फिरले. तार सैल पडली. मी वाकून ती दातांनी ओढायला लागले. फास मोठा होत होता. हाताची कातडी सोलली गेली असती, पण हात निघाला असता. मला फक्त हे असंच थांबायला हवं होतं.

काचेपलीकडे पाना आता भाऊजींच्या हातात आला होता. त्यांनी तो साहेबांच्या जबड्यावर आडवा घातला. साहेबांचे दात उडाले आणि ते गुडघ्यावर, मग कुशीवर कोसळले. बटण मोकळं झालं. भाऊजींपासून हाताच्या अंतरावर.

पडताना साहेबांचं तोंड माझ्याकडे झालं. त्यांनी मला पाहिलं. ते डोळे मी विसरणार नाही. त्या माणसाला एका क्षणात सगळं कळलं. मोडक्या जबड्याने ते काहीतरी बोलले, आणि पडल्या पडल्या त्यांनी उजवा हात वर केला, भाऊजींकडे नाही, बटणाकडे. बोटं बटणाच्या वीतभर खाली पोचली होती. भाऊजींनी तो वर येणारा हात पाहिला आणि बुटाने पॅनेलच्या कडेवर चिरडला. हात खाली पडला, तर त्याच्यावर टाच रोवून गरागरा फिरवली. मग बरगड्यांत लाथ. मग पुन्हा बरगड्यांत. मी आतून ओरडत होते, बटण, भाऊजी, बटण! त्यांची पाठ माझ्याकडे होती.

रूळ दुप्पट जोराने पुढे आले.

आधी बोटं गेली, मग पंजा, मग मनगट. हाड मोडतं त्याचा आवाज कानाने ऐकू येत नाही, तो दाढांत येतो. नडगीएवढ्या जाड दात्यांवर माझं रक्त बघत मी दांड्याला लोंबकळत होते आणि कोपर जवळ येत होतं. तेव्हा कुठे भाऊजींना आठवण झाली आणि त्यांनी साहेबांचं बटण दाबलं. सगळं थांबलं.

त्या शांततेत पाहुणे आत आले. मागच्या रांगेतल्या कोणीतरी, प्रात्यक्षिक आटोपलं असं समजून, टाळ्या वाजवल्या.

कोपराखालचा हात डॉक्टरांनी काढून टाकला. मला बोलता यायला लागलं तोवर घरात, कारखान्यात आणि विद्यापीठात गोष्ट ठरून गेली होती. फोरमनने मेहुणीचा जीव वाचवला आणि सरकारी माणूस शेवटपर्यंत आडवा उभा राहिला. ताई माझ्या तोंडात चमचा देताना रोज म्हणायची, “हे नसते तर तू नसतीस.” ते खरंच होतं. मी चमचा गिळायची.

साहेबांनी मात्र तक्रार दिली होती. त्यांचं म्हणणं खरं निघालं तर भाऊजी जिवे मारायच्या प्रयत्नाखाली आत जाणार होते. भाऊजींचं खरं निघालं तर साहेब. बाकी कोणी पाहिलेलं नव्हतं. पाहिलं होतं ते मी.

चौकशीलाही तीन माणसं, तिन्ही भागीदारांकडून एकेक. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, गरगरणारा पंखा. ठरावसाहेब माझ्यासमोर बसले होते. अर्धे झाले होते. जबडा तारेने बांधलेला, उजवा हात प्लास्टरमध्ये. त्यांना बंद दातांतून बोलावं लागत होतं आणि लाळ गळत होती, ती ते डाव्या हाताने पुसत होते.

“पाटी मी काढली,” ते म्हणाले. “ती चूक माझी. मागे पाहिलं नाही, तीही माझी. पण पडल्यावर मला बाई दिसल्या. मी बटणाकडे हात नेला. ह्यांनी तो पायाखाली घेतला.”

“थापा मारतोय!” भाऊजी खुर्चीवरून उठले. दोघांनी त्यांना धरून बसवलं.

“बाई,” अध्यक्ष मला म्हणाले, “तुम्ही काचेतून काय पाहिलं?”

माझं सगळं आयुष्य जे दिसलं ते सांगण्यात गेलं आहे. आकडा नावडता आला म्हणून मी तो कधी बदलला नाही. मी टेबलाकडे बघितलं. ताई दाराजवळ उभी होती, पदर तोंडाशी धरून.

“काचेवर भुकटी होती,” मी म्हणाले. “मला काही दिसलं नाही.”

ठरावसाहेब माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, आश्चर्याने. मग त्यांनी लाळ पुसली आणि मान खाली घातली.

संध्याकाळी घरी माणसं जमली. कारखान्यातले लोक, शेजारी, ताईच्या मैत्रिणी. चहा फिरत होता. साहेबांना निलंबित करणार अशी बातमी फुटली होती आणि भाऊजी खुशीत होते. कपाळावरची खूण चमकत होती. मला त्यांनी पाठीशी उशी देऊन मधल्या खुर्चीत बसवलं होतं आणि स्वतः उभं राहून सगळं करून दाखवत होते. मुसंडी कशी मारली, पाना कसा हिसकावला. लोक वा वा करत होते.

“आणि पडला तरी हलकटाची मस्ती जिरली नव्हती बरं का,” ते म्हणाले. “पडल्या पडल्या हात उचलला माझ्यावर! म्हटलं, थांब, तुझा हातच ठेवत नाही. असा ठेचला, असा! आणि वर दोन लाथा. त्या आमच्या विंचवाच्या नावाच्या!”

मी उठले आणि त्यांच्या थोबाडीत मारली. सवयीने उजव्या हाताने मारली. तो नव्हता. पट्टीत गुंडाळलेला खुंट त्यांच्या दातांवर आपटला, माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि पट्टी लाल झाली. मग डाव्या हाताला स्टीलचा पेला लागला, तो मी त्यांच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. मी पुन्हा हाणला. लोक ओरडायला लागले, ताईने मला मागून कवेत धरलं, तरी माझे पाय चालत होते. भाऊजींनी हात वर केला नाही. ते नुसते मार खात उभे राहिले.

“तो तुमच्यावर हात उचलत नव्हता!” मी ओरडले. “मी दिसले होते त्याला. तो बटण दाबत होता.”

एकेक जण चपला शोधायला लागला. शेवटचा माणूस जाईपर्यंत भाऊजी तसेच उभे होते, हनुवटीवरून रक्त ठिबकत.

“काचेवर भुकटी होती म्हणालीस,” ते म्हणाले.

“काच स्वच्छ होती. सकाळीच पाहुण्यांसाठी पुसली होती.”

“मला वाटलं, मारायला उठतोय.”

“माहीत आहे मला.”

त्यांनी माझ्या पट्टीकडे बघितलं. तिथून रक्त फरशीवर पडत होतं आणि ताई ते टॉवेलने दाबत होती. मग त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

“तेव्हाच बटण दाबलं गेलं असतं, तर वाचला असता हात?”

नाही म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. दुपारी त्याहून मोठी थाप मी मारून आले होते. पण रूळ उलटे फिरत होते, तार सैल झाली होती, फास मोठा होत होता.

“हो,” मी म्हणाले.

भाऊजी खाली बसले. खुर्ची होती तिकडे न जाता तिथेच, फरशीवर, फुटलेल्या कपांमध्ये.

“काय गरज होती गं हे सांगायची?” ताई माझ्या अंगावर आली. “तिथे खोटं बोललीस ना? मग घरात एकदा बोलायला काय झालं होतं? मारलंस ते मारलंस, वर हे!” तिने हातातला टॉवेल फेकला आणि रडायला लागली.

“तिला बोलू नकोस,” भाऊजी खालूनच म्हणाले. “ए विंचवा. बस इथे.”

मी त्यांच्या शेजारी बसले.

“पहिल्यापासून सांग,” ते म्हणाले. “तो पडला तिथून. त्याचा हात कुठवर गेला होता, माझा पाय कितीदा पडला, सगळं. उद्या मला तिथे जाऊन सांगायचंय. चुकायला नको.”

“भाऊजी...”

“सांग.”

मी सांगायला लागले. टाच फिरवली तिथे आले तेव्हा त्यांनी डोळे मिटले, पण मध्ये बोलले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, “परत एकदा.”